पाणीयोजनेच्या कर्जाची मुदत

पाणीयोजनेसाठी सरकारी कर्ज घ्यायचं ठरलं की सभेत पहिला प्रश्न येतो तो व्याजाचा. किती टक्के? पाच की साडेपाच? पलीकडच्या योजनेला कितीने मिळालं? पाव टक्क्यावरून तासभर वाद होतो. मुदतीचा आकडा मात्र शेवटच्या पानावर असतो आणि त्यावर कोणी बोटही ठेवत नाही.

लहान पाणीपुरवठा संस्थांचे हिशेब तपासणं आणि कर्जासाठी त्यांचे प्रस्ताव तयार करून देणं हे माझं काम आहे. फाईल हातात आली की मी आधी शेवटचं पान उघडते. किती वर्षांत फेडायचं आहे ते बघते आणि मगच व्याजाकडे वळते. असं का करते ते एकदा नीट लिहून काढावं, असं बरेच दिवस मनात होतं. प्रत्येक सभेत तेच समजावून सांगायला वेळ पुरत नाही. आणि ज्यांना हे खरोखर समजायला हवं, ती पाणीपट्टी भरणारी माणसं सभेला नसतातच.

आधी आकडे. मुद्दल 100 धरा. दरवर्षी सारखा हप्ता, व्याज पाच टक्के, मुदत 20 वर्षं. वर्षाचा हप्ता येतो साधारण 8.02. आता भांडून, ओळख लावून, अर्ज-विनंत्या करून व्याज तीन टक्क्यांवर आणलं, तर हप्ता 6.72 होतो. आणि व्याज पाचच ठेवून मुदत 40 वर्षं केली तर? 5.83. दोन टक्के व्याज कमी करून जे साधलं, त्याहून जास्त मुदत दुप्पट केल्याने साधलं. मुदत फक्त 10 वर्षं असेल, तर पाच टक्क्यांनीच हप्ता 12.95 होतो. म्हणजे तेच पैसे, तीच टाकी, तीच जलवाहिनी. पण 10 वर्षांत फेडायची असेल तर घरटी जो बोजा पडतो तो 40 वर्षांच्या बोज्याच्या दुपटीहून जास्त.

लांब मुदतीत एकूण व्याज जास्त जातं, हे खरं आहे. 20 वर्षांत एकूण 160 फेडावे लागतात, 40 वर्षांत 233. कर्जाच्या विरोधात बोलणारे सभेत हाच आकडा मोठ्याने वाचतात. तो चुकीचा नाही. पण पाणीपट्टी दर महिन्याला भरायची असते आणि जी बाई महिन्याचं बिल भरते तिच्यासाठी एकूण बेरजेपेक्षा या महिन्याची रक्कम जास्त खरी असते. ती रक्कम झेपली नाही तर वसुली पडते, वसुली पडली की दुरुस्ती थांबते, आणि पाचव्या-सहाव्या वर्षी योजना बंद पडून कर्ज मात्र चालू राहतं. अशा फाइली मी पाहिल्या आहेत. त्यांतल्या बहुतेकींत व्याजदर अगदी चांगला होता.

बाजारातून ही मुदत का मिळत नाही, हे समजलं की सरकारचं काम काय ते आपोआप कळतं. बँक ठेवीदारांच्या पैशावर चालते आणि ठेवी असतात वर्षा-दोन वर्षांच्या, फार तर पाच-दहा वर्षांच्या. त्या पैशातून चाळीस वर्षांचं कर्ज दिलं तर बँकेचीच घडी विस्कटते. जमिनीखाली गाडलेला नळ जप्त करून विकताही येत नाही, त्यामुळे तारण म्हणूनही त्याची किंमत शून्य. सरकार मात्र लांबच्या मुदतीने पैसा उभा करू शकतं आणि थांबू शकतं. ही गोष्ट जुनी आहे. ब्रिटनमध्ये सार्वजनिक कामांना कर्ज देणारं कायमस्वरूपी मंडळ 1817 सालापासून होतं. नेदरलँड्समध्ये 1 फेब्रुवारी 1953 च्या रात्री समुद्राचे बांध फुटले, 1836 माणसं गेली. त्यानंतर तिथल्या जलमंडळांनी, म्हणजे बांध आणि कालवे सांभाळणाऱ्या स्थानिक संस्थांनी, 1954 साली स्वतःची बँक काढली. ती आजही आहे आणि तिची मालकी जलमंडळांकडे आणि सरकारकडेच आहे. बांध बांधायला लागणारा पैसा नेहमीच्या बँकेच्या मुदतीत बसत नाही, हे ज्यांनी पाणी अंगावर घेतलं त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्याची एक योजना मी नव्याने काम शिकणाऱ्यांना नेहमी दाखवते. दहा हजार किंवा त्याहून कमी वस्तीच्या गावांसाठी पाणी आणि सांडपाण्याची कर्जं. मुदत 40 वर्षांपर्यंत, व्याज ठरलेलं, मधे बदलत नाही. व्याजाचा दर गावातल्या कौटुंबिक उत्पन्नावर आणि गरजेवर ठरतो. अर्जदाराला दाखवावं लागतं की वाजवी अटींवर दुसरीकडे कर्ज मिळत नाही. आणि पुढे कधी संस्थेची परिस्थिती सुधारली, बाहेरून कर्ज मिळण्यासारखं झालं, तर तिथून घेऊन सरकारचे पैसे परत करावेत, अशीही अट असते. मला ही अट फार योग्य वाटते. सरकारी मुदत ही ज्याला दुसरा रस्ता नाही त्याच्यासाठी आहे, हे त्यात स्पष्ट होतं.

एका सभेत एका वयस्क गृहस्थांनी मला विचारलेला प्रश्न अजून माझ्यासोबत आहे. म्हणाले, "ताई, मी काय चाळीस वर्षं जगणार नाही. मग माझ्या नातवाच्या डोक्यावर हे कर्ज का ठेवायचं?" सभा शांत झाली, कारण प्रश्न सगळ्यांच्या मनातला होता. मी म्हटलं, "काका, नातू पाणी कुठलं पिणार?" ते म्हणाले, "याच नळाचं." मग मी त्यांना कोऱ्या कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या. एक रेघ नळ किती वर्षं चालेल त्याची, दुसरी कर्ज किती वर्षं चालेल त्याची. दुसरी रेघ पहिलीपेक्षा लांब गेली तर नातवावर अन्याय, कारण तो न वापरलेल्या गोष्टीचे पैसे भरणार. पहिलीपेक्षा फारच आखूड राहिली तर आजच्या माणसांवर अन्याय, कारण ते नातवाच्या वाट्याचेही पैसे आजच भरणार. त्यांना पटलं की नाही ते माहीत नाही, पण त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

चांगली टाकलेली जलवाहिनी 50 वर्षं सहज चालते, पुष्कळदा त्याहून जास्त. बर्मिंगहॅम शहराने 1892 साली कायद्याने परवानगी घेऊन वेल्समधल्या एलान खोऱ्यात धरणं बांधायला घेतली आणि 1904 साली तिथून पाणी शहराकडे निघालं. 73 मैलांचा मार्ग, सगळा उतारावर, पंपाशिवाय. तो आजही शहराला पाणी देतो. ज्यांनी तो बांधायचं ठरवलं त्यांची पणतवंडंही आता म्हातारी झाली असतील. अशा कामाचा खर्च दहा वर्षांच्या करदात्यांकडून वसूल करायचा म्हटलं तर ते काम कधी सुरूच झालं नसतं.

पण योजनेतला प्रत्येक भाग 50 वर्षं चालत नाही आणि प्रस्ताव बहुतेक वेळा इथेच बिघडतात. टाकी, जलवाहिनी, पंप, मोटर, मीटर, क्लोरीन सोडायचं यंत्र, गाळणीतली वाळू, विजेचा पॅनेल, सगळं एकाच अंदाजपत्रकात येतं आणि सगळ्यावर एकच मुदत लागते. पंप दहा-पंधरा वर्षांत बदलावा लागतो. पाणी गढूळ असेल किंवा विजेचा दाब सतत कमी-जास्त होत असेल तर त्याआधीच. मीटर साधारण तेवढ्याच काळात मंद चालायला लागतात आणि कमी पाणी दाखवतात. क्लोरीनचं यंत्र तर त्याहूनही लवकर जातं. चाळीस वर्षांच्या कर्जात पंप घातला तर पहिला पंप भंगारात गेल्यावरही त्याचे हप्ते चालू राहतात आणि दुसऱ्या पंपासाठी पैसे कुठून आणायचे हा प्रश्न तसाच उभा.

त्या अमेरिकी योजनेत यावर एक उपाय आहे आणि मला तो संपूर्ण योजनेतला सगळ्यात शहाणा भाग वाटतो. कर्ज घेणाऱ्या संस्थेने अल्पायुषी वस्तूंची वेगळी यादी करायची, प्रत्येकीचं अपेक्षित आयुष्य लिहायचं, आणि त्यांच्या बदलासाठी दरवर्षी ठराविक रक्कम वेगळ्या निधीत टाकायची. शिवाय हप्त्यासाठीही राखीव निधी, ज्यात दरवर्षी वार्षिक हप्त्याचा दहावा भाग जमा करत जायचं, एका वर्षाचा पूर्ण हप्ता साठेपर्यंत. म्हणजे दहा वर्षांत संस्थेकडे एका खराब वर्षाची सोय तयार होते. हे पैसे पाणीपट्टीतूनच येतात, म्हणून पाणीपट्टी ठरवतानाच ते धरावे लागतात. नंतर धरू म्हटलं की ते कधीच धरले जात नाहीत.

माझ्या ओळखीच्या एका छोट्या संस्थेच्या सचिव बाईंकडे दोन वह्या असतात. एक रोजची, जमा-खर्चाची. दुसरी जाड पुठ्ठ्याची, तिच्यात प्रत्येक पानावर एकच वस्तू. पंप क्रमांक एक: कधी बसवला, किती अश्वशक्ती, किती तास चालला, बेअरिंग कधी बदलली, पुन्हा वाइंडिंग कधी केलं, त्याला किती गेले. व्हॉल्व कुठला, कोणत्या वळणावर, कधी गळला. पानाच्या खाली पेन्सिलीने एक आकडा, हा पंप अजून किती वर्षं काढेल याचा त्यांचा स्वतःचा अंदाज, आणि त्यापुढे आजच्या भावाने नव्या पंपाची किंमत. दरवर्षी मार्चनंतर त्या पेन्सिलीचा आकडा खोडून नवा लिहितात. त्यांनी वाणिज्य शाखेचं शिक्षण घेतलेलं नाही. कर्ज देणाऱ्या खात्याचे अधिकारी तपासणीला आले तेव्हा मी त्यांच्यासमोर संगणकावरचा माझा तक्ता उघडला होता. त्यांनी तो पाहिला आणि मग सगळा वेळ त्या जाड वहीतच घालवला. कर्ज मंजूर झालं. कर्ज फेडायची ऐपत ताळेबंदात असतेच, पण या वहीत ती ठळक दिसते.

म्हणूनच कर्जाची मंजुरी म्हणजे सरकारने केलेली मेहरबानी, असं कोणी बोललं की मला ते बोचतं. सरकार देतं ती मुदत. ती मुदत चाळीस वर्षं टिकवून दाखवतात ते हे लोक, पेन्सिल आणि वही घेऊन.

अनुदान द्यावं की कर्ज, हा वाद जुना आहे आणि त्यात माझं मत ठाम असलं तरी सरळ नाही. अमेरिकेत 1972 च्या कायद्याने शहरांच्या सांडपाणी प्रकल्पांना केंद्राकडून 75 टक्के अनुदान मिळायचं. मोठमोठे प्रकल्प उभे राहिले आणि नद्या सुधारल्या, हे नाकारता येणार नाही. पण बांधायला 75 टक्के दुसऱ्याचे आणि चालवायला सगळे स्वतःचे, असं असलं की माणूस मोठं बांधतो. 1981 च्या दुरुस्तीने अनुदानाचा वाटा 55 टक्क्यांवर आणायचं ठरलं आणि 1987 साली अनुदानाच्या जागी फिरता निधी आणायची व्यवस्था झाली. केंद्राने राज्याला भांडवल द्यायचं, राज्याने त्यावर 20 टक्के आपले घालायचे, त्यातून गावांना आणि शहरांना कमी व्याजाने कर्ज, आणि परत आलेल्या हप्त्यांतून पुढच्या गावाला कर्ज. पिण्याच्या पाण्यासाठी असाच निधी 1996 साली आला. मुदत आधी 20 वर्षांची होती. 2014 साली सांडपाण्याच्या निधीसाठी ती 30 वर्षांपर्यंत वाढली आणि 2018 च्या कायद्याने पिण्याच्या पाण्यासाठीही 30, दुर्बल वस्त्यांसाठी 40 वर्षांपर्यंत. वीस-पंचवीस वर्षं निधी चालवल्यावर त्यांनाही शेवटी मुदतच ताणावी लागली, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधते.

फिरत्या निधीत मला आवडतं ते हे की एका गावाचा हप्ता दुसऱ्या गावाची टाकी होतो. हे पाणीपट्टी भरणाऱ्यांना कोणी सांगत नाही. सांगायला हवं. हप्ता बुडवला तर "सरकारचे बुडाले" असं वाटतं, प्रत्यक्षात रांगेतलं पुढचं गाव मागे पडतं.

तरीही काही ठिकाणी कर्ज देणं हा अन्याय असतो. जिथे घरं विखुरलेली आहेत, जिथे पाण्यात आर्सेनिक किंवा फ्लोराइड आहे आणि ते काढायला महागडं यंत्र लागतं, जिथे कमावते हात कमी आणि म्हातारे जास्त, तिथे 40 वर्षांची मुदतही हप्ता झेपणारा करू शकत नाही. तिथे अनुदानच द्यायला हवं किंवा मुद्दलाचा भाग माफ करायला हवा. फिरत्या निधींमध्ये आता तशी सोय आहे. प्रमाण किती ठेवायचं हे आधी पाणीपट्टीपासून मागे मोजत यावं: इथलं सर्वात गरीब घर महिन्याला किती देऊ शकेल, त्यातून वीज, रसायनं, पगार, दुरुस्ती आणि अल्पायुषी वस्तूंचा निधी वजा केला की हप्त्याला किती उरतं, त्या रकमेत किती मुद्दल बसतं, आणि उरलेलं अनुदान. बहुतेक प्रस्ताव उलट्या दिशेने बनतात. आधी अनुदानाची टक्केवारी ठरते, उरलेलं कर्ज, आणि पाणीपट्टी शेवटी, जिथे काहीच हलवता येत नाही. दुरुस्तीचा आकडा मग कमी केला जातो, कारण तोच एक आकडा असा असतो जो कमी केला तरी पहिल्या वर्षी कोणाला दिसत नाही.

केनियात मात्र अनुदान शेवटी ठेवणारा एक प्रयोग झाला. तिथल्या एका सूक्ष्मवित्त बँकेने लोकांनी चालवलेल्या छोट्या पाणीयोजनांना कर्ज दिलं. लोकांनी साधारण पाचवा हिस्सा आधी घालायचा, बाकी बँकेचं कर्ज, आणि ठरलेल्या जोडण्या प्रत्यक्ष झाल्या, पाणी प्रत्यक्ष आलं, की जागतिक बँकेच्या माध्यमातून खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत अनुदान कर्जात जमा. पैसा कामाच्या आधी न देता कामानंतर दिला, ही त्यातली शिस्त. बँक व्यापारी होती, त्यामुळे मुदत लहानच. अनुदानाने हप्ता हलका केला नसता तर ती मुदत त्या योजनांना झेपली नसती.

भारतातली रचना यापेक्षा वेगळी आहे. 1995-96 साली नाबार्डमध्ये ग्रामीण पायाभूत सुविधा विकास निधी सुरू झाला. ज्या बँकांनी शेतीला द्यायचं ठरलेलं कर्ज दिलं नाही त्यांच्याकडून राहिलेली रक्कम या निधीत जमा होते आणि राज्य सरकारांना सात वर्षांच्या मुदतीने, मुद्दल न फेडण्याची पहिली दोन वर्षं धरून, कर्ज मिळतं. सिंचन, रस्ते, पूल आणि पिण्याचं पाणीही. पन्नास वर्षं चालणाऱ्या जलवाहिनीला सात वर्षांचं कर्ज. हे चालतं, कारण फेडतं राज्य, गाव नाही. गावावर बोजा येत नाही हे चांगलंच. पण गावच्या हिशेबाच्या वहीत त्या टाकीची किंमत कुठेच येत नाही. घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी घटणारी किंमत, धरला जात नाही, अल्पायुषी वस्तूंची यादी कोणी मागत नाही आणि पंप जळाला की पुन्हा नव्या योजनेची वाट पाहिली जाते. कर्ज गावाने घ्यावं असं मी म्हणत नाही. गावच्या वहीत ती टाकी यावी, एवढंच माझं म्हणणं.

शहरं स्वतः बाजारात उतरली, त्याचीही उदाहरणं आहेत. अहमदाबाद महापालिकेने 1998 साली राज्याच्या हमीशिवाय 100 कोटींचे रोखे काढले, पैसा पाणीपुरवठा आणि सांडपाण्याच्या कामांकडे गेला. पुणे महापालिकेने 2017 साली चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी 200 कोटींचे रोखे 7.59 टक्क्यांनी काढले, मुदत 10 वर्षं. मोठ्या शहराला ते जमतं, कारण त्याच्याकडे मालमत्ता कर आहे, पत मूल्यांकन आहे, हिशेब लिहायला माणसं आहेत. तीन हजार वस्तीच्या गावाकडे सनदी लेखापालाची फी देण्याइतके पैसे असतीलच असं नाही. प्रस्तावासाठी सर्वेक्षण, भूजलाची तपासणी, आराखडा हे सगळं कर्ज मिळायच्या आधी करावं लागतं आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. छोट्या संस्था इथेच अडकतात, व्याजाच्या रकान्यापर्यंत त्या पोचतच नाहीत.

म्हणून मला तमिळनाडूचं उदाहरण महत्त्वाचं वाटतं. 2002 साली तिथे 13 लहान नगरपालिका आणि नगरपंचायतींच्या पाणी आणि स्वच्छतेच्या कामांसाठी एकत्र रोखे काढले, सुमारे 30 कोटींचे, मुदत 15 वर्षं. एकेकट्याने यांतल्या बहुतेकांना बाजाराने उभंही केलं नसतं. एकत्र आल्यावर एकाचा हप्ता चुकला तरी बाकीच्यांचा येत राहतो. वर राखीव निधी, हप्ता थकला तर राज्याकडून त्या संस्थेला मिळणाऱ्या निधीतून वळता करायची सोय, आणि अमेरिकी मदत संस्थेची अर्ध्या मुद्दलाची हमी. फिलिपिन्सने 1973 साली एका हुकुमाने स्थानिक जलसंस्थांसाठी एक मध्यवर्ती संस्था उभी केली, ती कर्जाबरोबर तांत्रिक मदत आणि हिशेबाचं प्रशिक्षणही द्यायची. कर्ज आणि शिकवण एकाच दारातून मिळाली तर छोट्या संस्था टिकतात, हा माझाही अनुभव आहे.

फिलिपिन्सचंच दुसरं उदाहरण घाबरवणारं आहे. मनिलाच्या सार्वजनिक जलसंस्थेवर परकीय चलनातली बरीच कर्जं होती. 1997 साली शहराची पाणीव्यवस्था दोन खाजगी कंपन्यांकडे गेली तेव्हा जुन्या कर्जांपैकी साधारण 90 टक्के पश्चिम भागाच्या कंपनीच्या वाट्याला आली. त्याच वर्षी आशियातलं चलनसंकट आलं. 1997 च्या मध्यावर डॉलरला 26 पेसो होते, पुढच्या काही वर्षांत ते 50 च्या वर गेले. लोक पाणीपट्टी पेसोत भरत होते, हप्ते डॉलरमध्ये होते. 2003 साली ती कंपनी न्यायालयाच्या देखरेखीखाली पुनर्वसनात गेली. त्या कर्जांचं व्याज कदाचित सुंदर दिसत असेल. पाणी विकून डॉलर मिळत नाहीत, एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुरे. परकीय चलनातलं कर्ज घ्यायचंच असेल तर चलन घसरण्याचा धोका देशाच्या तिजोरीने उचलावा, नळाच्या बिलाने नाही.

आणि अमेरिकेच्या अलाबामा राज्यातली जेफरसन काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी स्थानिक संस्था. जुनी सांडपाणी व्यवस्था दुरुस्त करणं 1996 च्या न्यायालयीन समझोत्याने बंधनकारक झालं, त्यासाठी तीन अब्ज डॉलरहून जास्त कर्ज झालं, आणि ते मोठ्या प्रमाणात बदलत्या व्याजाच्या आणि व्याज-अदलाबदलीच्या, म्हणजे ठरलेल्या आणि बदलत्या व्याजाची आपसात देवघेव करण्याच्या, करारांत बांधलं गेलं. 2008 च्या आर्थिक संकटात ते करार उलटले आणि 2011 साली काउंटीने दिवाळखोरी जाहीर केली, तोवरची अमेरिकेतली सर्वात मोठी स्थानिक दिवाळखोरी. गटारं दुरुस्त व्हायलाच हवी होती. पण ज्या कर्जाचा पुढच्या वर्षीचा हप्ता आज सांगता येत नाही त्यावर पाणीपट्टी बसवायची कशी? लांब मुदतीला ठरलेल्या व्याजाची जोड हवी, हे मी प्रत्येक प्रस्तावात लाल पेनाने लिहिते.

आता थकबाकीबद्दल, कारण सभेत शेवटी तोच प्रश्न येतो: नाही फेडलं तर काय होईल? सरकार येऊन नळ तोडणार नाही, टाकी उचलून नेणार नाही. बहुतेक ठिकाणी वरून मिळणारा निधी अडवला जातो किंवा पाणीपट्टीचे पैसे आधी एका वेगळ्या खात्यात जाऊन हप्ता वळता होतो. मला दुसरी व्यवस्था बरी वाटते, फक्त क्रम योग्य हवा: आधी वीज आणि क्लोरीन, मग हप्ता, मग निधी. हप्ता सगळ्यांच्या आधी ठेवला तर महिनाअखेरीस क्लोरीनला पैसे उरत नाहीत आणि त्याचा परिणाम दवाखान्यात दिसतो. कर्जाच्या करारात हा क्रम लिहिलेला असतो, बारीक अक्षरात. सही करण्याआधी तो वाचा आणि उलटा असेल तर बदलून मागा. मागितल्यावर तो बदलून मिळालेला मी पाहिला आहे.

कर्ज देणाऱ्याचीही जबाबदारी असते. अमेरिकेतल्या त्या ग्रामीण कर्जांबाबत 1961 च्या कायद्यात एक कलम आहे. कर्ज फिटेपर्यंत शेजारच्या शहराने त्या जलसंस्थेच्या हद्दीत शिरून तिचे ग्राहक काढून घ्यायचे नाहीत. का, तर जवळची, दाट, पैसे भरणारी घरं शहराने नेली तर लांबची विखुरलेली घरं आणि संपूर्ण कर्ज गावच्या संस्थेकडे राहील. शहरं या कलमावर चिडतात आणि त्यावरून खटलेही बरेच झाले आहेत. मी मात्र त्या कलमाच्या बाजूची आहे. चाळीस वर्षांचा करार करताना गावाने जी घरं मोजली, ती चाळीस वर्षं त्याचीच राहायला हवीत.

सध्या माझ्यासमोर एक नवीन फाईल आहे. व्याज चांगलं आहे, मुदत 25 वर्षं, अंदाजपत्रकात चार पंप, सौर पॅनेल आणि मीटर सगळे एकाच ओळीत टाकलेले आहेत. सचिवांना निरोप दिला आहे की ती ओळ फोडून आणा, प्रत्येक वस्तूचं आयुष्य वेगळं लिहा आणि पंपांसाठी दरवर्षी किती बाजूला काढणार ते पाणीपट्टीच्या तक्त्यात दाखवा. त्यांनी विचारलं, यामुळे पाणीपट्टी किती वाढेल. तो आकडा आल्याशिवाय मीही सांगू शकत नाही. आला की सभेत आधी तोच वाचायचा आहे, व्याजदराच्याही आधी.